आमचं घरगुती सेन्सॉर बोर्ड

मी बँकेत कारकून आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना तुमच्या अपेक्षा फार वाढणार नाहीत. बी.कॉम. झालो, परीक्षा दिली, आणि गेली बावीस वर्षं दादरच्या एका शाखेत लोकांचे चेक पास करतो किंवा परत पाठवतो. पास करायला फारशी अक्कल लागत नाही. परत पाठवायला मात्र छापील कागद लागतो. त्या कागदावर कारणांची यादीच असते. सही जुळत नाही, तारीख पुढची आहे, खात्यात पुरेशी रक्कम नाही, अक्षरी आणि आकडी रकमेत फरक आहे. आपण फक्त एका कारणापुढे खूण करायची. गिऱ्हाइकाने काउंटरवर कितीही मुठी आपटल्या तरी शांतपणे त्या खुणेकडे बोट दाखवायचं. मी नाही म्हणत साहेब, कागद म्हणतोय.

हे पुराण लावायचं कारण असं, की मध्यंतरी इंग्रज अमदानीतल्या सेन्सॉर बोर्डाचे नियम माझ्या वाचनात आले आणि परक्या गावात एकदम आपल्या खात्यातला माणूस भेटल्यासारखं झालं. सरकारने १९१८ साली सिनेमाचा कायदा केला, आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे बोर्डं बसली. आता बोर्ड बसलं म्हणजे नियम हवेत. तेव्हा विलायतेत टी. पी. ओ'कॉनर नावाचे गृहस्थ सेन्सॉरचे प्रमुख होते. त्यांनी पडद्यावर काय चालणार नाही याची ४३ कलमांची यादी केली होती. आमच्या मुंबईच्या बोर्डाने आपले नियम त्याच यादीवरून बेतले. नवीन शाखा उघडली की जुन्या शाखेतून फॉर्म मागवतात, त्यातलाच प्रकार.

यादी मोठी रसाळ होती. जनावरांना क्रूरपणे वागवणं चालणार नाही. भीषण खून आणि गळे दाबणं चालणार नाही. गुन्हेगार गुन्हा कसा करतो ते दाखवणं चालणार नाही. आतल्या कपड्यांचं विनाकारण प्रदर्शन चालणार नाही. (सकारण प्रदर्शन कसं असतं याचा खुलासा नाही. आमच्या चाळीच्या गॅलरीत ते रोज दोरीवर असायचं.) हिंदुस्थानातल्या कथेत गोरा अधिकारी वाईट दिसता कामा नये. भांडवल आणि मजुरी यांचे संबंध नकोत. म्हणजे परळ-लालबागला गिरणीच्या फाटकावर १९२५ साली पगारकपातीवरून संप झाला तो भर रस्त्यात फुकट बघायची परवानगी होती, तिकीट काढून अंधारात बघायला मात्र बंदी.

पण या सगळ्या साहेबांच्या बोर्डांपेक्षा कडक असं एक बोर्ड मी लहानपणापासून पाहत होतो. त्याची कचेरी गिरगावात, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, स्वयंपाकघरात होती. त्यात सभासद एकच. माझी आजी.

आजीचे नियम छापलेले नव्हते. ती बोलायचीही नाही. बाहेरच्या खोलीत कुणी काही नको ते बोलायला लागलं, की आतून पातेल्यावरचं झाकण खाली पडायचं. पहिल्यांदा झाकण. तेवढ्याने भागलं नाही तर पळी. आणि पळीनेही ऐकलं नाही तर आजी स्वतः दारात येऊन म्हणायची, "अहो, भाजी आणायचीय ना?" वेळ रात्री नऊची असली तरी भाजीच आणायची असायची. आणि आजोबा मुकाट्याने पिशवी घेऊन निघायचे.

या झाकणाचा सर्वांत जास्त फटका आजोबांच्या एका गोष्टीला बसला. ती गोष्ट बावला खुनाची. आजोबांचा जन्म १९१० चा, त्यामुळे खून झाला तेव्हा ते पंधराच्या घरात होते, आणि पंधराव्या वर्षी आपल्या गावात झालेला खून माणूस जन्मभर पुरवून पुरवून सांगतो. आम्ही पोरं संध्याकाळी चौपाटीवरून पाय धुवून घरी आलो की आजोबा सुरू करायचे. "तुम्ही आत्ता वाळूत बसला होतात ना? समोर ती टेकडी दिसते ना, मलबार हिल? तिथेच."

तारीख १२ जानेवारी १९२५. संध्याकाळची वेळ. अब्दुल कादर बावला हा मुंबईतला तरुण, श्रीमंत व्यापारी मोटारीतून मलबार हिलवर हवा खायला निघालेला. सोबत मुमताज बेगम. ही पूर्वी इंदूरच्या दरबारात, महाराज तुकोजीराव होळकरांच्या पदरी होती आणि तिथून निघून आलेली होती. एवढ्यात दुसरी मोटार येऊन यांच्या मोटारीवर धडकली. त्यातून माणसं उतरली, आणि...

"मोटार लाल होती," आजोबा म्हणायचे.

खून बाजूला राहिला तरी चालेल, पण मोटारीचा रंग चुकता कामा नये. मग पिस्तुलं यायची. बावलाला गोळ्या लागायच्या. मुमताजच्या तोंडावर सुऱ्याचे वार व्हायचे. मग, आजोबांच्या मते सर्वांत बहारीचा भाग, गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी नेमके तिथून जात असायचे. त्यातला एक जण हातातली गोल्फची काठी घेऊन पिस्तुलवाल्यांच्या अंगावर धावायचा. इथे आजोबा कोपऱ्यातली छत्री उचलायचे आणि माझ्या धाकट्या भावाला पिस्तुलवाला करायचे. मुमताज वाचायची, एक मारेकरी जागच्या जागी पकडला जायचा, बावला मात्र दगावायचा. पुढे हायकोर्टात खटला. आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत महंमद अली जीना. तिघांना फाशीची शिक्षा, काहींना काळं पाणी. खुनाचे धागे इंदूरपर्यंत गेल्याचा बोभाटा. सरकारने महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले, चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. महाराजांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली.

इथपर्यंत आजी गप्प असायची. रक्त, पिस्तुलं, सुरे, काळं पाणी, सगळं विनाकट पास. मग आजोबा छत्री कोपऱ्यात ठेवायचे, चष्मा काढायचे आणि तात्पर्य सांगायला घ्यायचे. "तर बाळांनो, एका बाईपायी..."

खण्ण! झाकण.

"...एका बाईपायी एवढं मोठं..."

पळी.

"अहो, भाजी आणायचीय ना?"

माझ्या अख्ख्या बालपणात हे वाक्य काही पुरं झालं नाही. आम्ही मुलांनी आपापसात ठरवून टाकलं होतं, की त्या वाक्याच्या पुढे काहीतरी भयंकर चावट असणार. ओ'कॉनरसाहेबांच्या यादीतलं 'अतिरेकी प्रेमप्रसंग' हे कलम. माझा भाऊ तर कितीतरी दिवस त्या भागाची वाट बघत पिस्तुलवाल्याचं काम बिनपगारी करत होता.

आजोबांच्या गोष्टीला जोडलेला सिनेमा हा तर वेगळाच अध्याय होता. खून जानेवारीत झाला आणि त्याच वर्षी, म्हणजे महाराजांनी गादी सोडायच्या आधीच, त्या प्रकरणावरून बेतलेला मूकपट तयार झाला. द्वारकादास संपत यांची कोहिनूर फिल्म कंपनी, दिग्दर्शक होमी मास्टर. ही कंपनी होती आमच्या दादरला. मी रोज स्टेशनातून उतरून दादासाहेब फाळके रस्त्याने बँकेत जातो, तेव्हा आता तिथे फक्त रिक्षाच नाहीत एवढी बाकी सगळी गर्दी असते; पण शंभर वर्षांपूर्वी दादर म्हणजे स्टुडिओंचं गाव होतं. कोहिनूरवाले ताज्या गुन्ह्यावर सिनेमा काढायला सरावलेले होते. आदल्याच वर्षी, १९२४ साली, त्यांनी मुंबईतल्याच एका गाजलेल्या खुनावरून 'काला नाग' काढला होता. वर्तमानपत्राची शाई वाळायच्या आत रीळ तयार.

आता विचार करा, बावला प्रकरणावर सिनेमा काढायचा तर अडचणी किती. गुन्ह्याची कृती दाखवायची नाही, आणि गोष्ट तर सबंध गुन्ह्याचीच. संस्थानिकांचं तर नावच नको. त्यांच्याविषयी अप्रीती पसरवणाऱ्या छापील मजकुरासाठी १९२२ साली खास कायदा झालेला. आणि यावर कडी म्हणजे, मुंबईच्या सेन्सॉर बोर्डाचा पदसिद्ध अध्यक्ष कोण? पोलीस कमिशनर. तेव्हाचे कमिशनर पॅट्रिक केली. म्हणजे ज्यांच्या खात्याने मलबार हिलवरच्या खुनाचा तपास केला, त्यांच्याच अध्यक्षतेखालचं बोर्ड त्याच खुनाच्या सिनेमाला सर्टिफिकेट देणार. आमच्या बँकेत असं झालं तर ऑडिटर ताबडतोब शेरा मारील, की पैसे भरणारा आणि मोजणारा एकच माणूस आहे, आक्षेपार्ह.

मग कोहिनूरवाल्यांनी सिनेमाचं नाव काय ठेवावं? 'कुलीन कांता'. ना इंदूर, ना मलबार हिल, ना बेगम, ना बावला. नुसतं नाव ऐकलं तर वाटावं, मंगळागौरीच्या आरत्यांचं पुस्तक आहे. पण आजोबा म्हणायचे, दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून कोर्टातल्या पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं, की ही कांता कुठली आणि किती कुलीन. एवढ्या लोकांना जे आधीच ठाऊक आहे, ते कात्रीने कापणार कसं?

नाव बदलायची ही विद्या त्या काळी सगळ्यांनाच यावी लागे. प्रभातचा 'स्वराज्याचं तोरण' हा मूकपट बोर्डापुढे गेला तेव्हा 'स्वराज्य' हा शब्दच खटकला. १९३० साली तो 'उदयकाल' होऊन बाहेर पडला. तोरण गेलं, उदय राहिला. कोहिनूरच्याच १९२१ च्या 'भक्त विदुर'मध्ये विदुराला खादी आणि गांधी टोपी घातली होती. मुंबईत तो पास, मद्रास आणि कराचीत बंद. एका शाखेत वटलेला चेक दुसऱ्या शाखेतून परत, कारण सही महात्माजींची वाटते.

आणि सर्वांत कमाल कीचकाची. हा बिचारा दोनदा सापडला. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक सरकारने १९१० साली बंद केलं, कारण लोकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसायला लागला होता. पुढे कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यात भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब उतरला, की सेन्सॉरला सोसला नाही. ते दृश्य कापावं लागलं. व्यासांनी महाभारत वेळेवर लिहून टाकलं म्हणून बरं. बोर्डाकडे पाठवलं असतं तर अठरा पर्वांतली दीड हाती लागली असती.

'कुलीन कांता' आजोबांनी थेटरात बघितला होता. घरी सांगितलं कीर्तनाला जातो, आणि खालच्या बाकावर दोन आण्यांत जाऊन बसले. मूकपट हे फक्त नावाचे मूक असत. बाजाची पेटी, तबला आणि प्रेक्षक हे तिघे मिळून बोलपटाच्या वर आवाज करत. मधून मधून संवादाच्या पाट्या येत, त्याही तीन-चार लिप्यांतून. खालच्या बाकांवर वाचता येणारा एखादाच. तो मोठ्यांदा वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. त्या दिवशी आजोबांच्या शेजारी असाच एक वाचक बसला होता. पण गडी घाईतला. पाटी लांब असली की सरळ गाळायचा. पडद्यावर बाई हात हलवून पोटतिडकीने काहीतरी सांगू लागली, पाटी आली, नेमक्या तेव्हाच मागून शिट्ट्या सुरू झाल्या, आणि वाचक एवढंच म्हणाला, "बाई बोलतेय. पुढे मारामारी आहे, गप बसा."

"म्हणजे ती काय बोलली, आजोबा?"

"कुणाला ठाऊक! पण मारामारी फर्मास होती."

झालं. लंडनचं बोर्ड, मुंबईचं बोर्ड, यांच्या तावडीतून सुटून आलेली पाटी शेवटी खालच्या बाकावर कापली गेली. आणि आता तर ती पाटीच नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले उरले मूठभर. ती जुनी फिल्म काडेपेटीसारखी पेटायची. राहिली ती सडली, सडली नाही ती चांदी काढायला विकली गेली. सेन्सॉरने कापलेला तुकडा आणि सेन्सॉरने ठेवलेला तुकडा, दोघांची गत शेवटी एकच.

आजोबा १९९६ साली गेले. वाक्य अपुरं ठेवूनच गेले. मी बँकेत लागलो त्यानंतर केव्हा तरी, पावसाळ्यातल्या एका रविवारी, आजी मोड आलेले वाल सोलत बसली होती. सत्त्याऐंशी वर्षांची होती, पण डाळिंब्या सोलण्याचा वेग नोटा मोजणाऱ्या कॅशिअरचा. मी समोर बसून सोलायचं नाटक करत होतो. म्हटलं, आता विचारून टाकावं. अध्यक्ष निवृत्त झाले की जुनी फाइल बघायला मिळते म्हणतात.

"आजी, आजोबांची ती बावलाची गोष्ट तू दर वेळी एकाच ठिकाणी का तोडायचीस गं? पुढे काय इतकं वाईट होतं?"

आजीने वर बघितलंसुद्धा नाही. "पुढे काय असणार? 'एका बाईपायी राज्य गेलं.' दर वेळी तेच."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? खोटं होतं ते."

मी सोलायचं थांबवलं. म्हणजे आम्ही भावंडांनी इतकी वर्षं ज्या चावटपणाची वाट पाहिली, तो हा!

मग आजी सांगायला लागली. तिचं माहेर लालबागचं. वडील गिरणीत साचेखात्यात. खून झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत एक जण पेपर मोठ्यांदा वाचायचा आणि पाळी सुटून आलेले सगळे भोवती बसायचे. खटल्याच्या दिवसांत तर दाटी व्हायची. मोटार झाली, पिस्तुल झालं, साहेब झाले. आणि मग ती बाई कोर्टात उभी राहून साक्ष द्यायला लागली की आजीची आई ओरडायची, "पोरी, आत हो." आजी आत जायची. दाराला कान लावायची. काही ऐकू यायचं नाही.

"मग दुसऱ्या दिवशी नळावर बायकांचं बोलणं ऐकलं," आजी म्हणाली. "त्या म्हणत होत्या, तिला परत जायचं नव्हतं. तिकडे बोलावणी आली, माणसं आली, तरी ती नाही म्हणाली. आणि तोंडावर वार झाल्यावर कोर्टातही उभी राहिली. सगळ्या गोष्टीत तिने केलं ते एवढंच. नाही म्हणाली. बाकी सगळं पुरुषांनी केलं. आणि तुझे आजोबा म्हणतात, बाईपायी! द्रौपदीपायी कीचक मेला असं कुणी म्हणतं का? मेला तो आपल्या कर्माने."

"मग तू त्यांना तसं सांगायचं ना. झाकण कशाला आपटायचं?"

"सांगून बघितलं रे एकदा. म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं, मी सिनेमा बघितलाय." आजीने टरफलं बाजूला सारली. "मला बघायला आले तेव्हा यांनी मला विचारलं, लिहितावाचता येतं का. मी येतं म्हटलं. मला काही विचारायचंय का, ते कुणी विचारलं नाही. पंधरा वर्षांची होते. माणूस चांगलाच होता हो, त्याबद्दल नाही म्हणत मी. पण विचारलं नाही ते नाहीच."

आणि मग, जसं काही फारसं बोललोच नाही अशा थाटात, "तू सोलतोयस की खातोयस?"

आजी २००६ साली गेली. सेन्सॉर बोर्डाचं नाव १९८३ सालीच बदललं होतं. आता ते सेन्सॉर करत नाही, प्रमाणपत्र देतं. मधली कित्येक वर्षं त्याची कचेरी वाळकेश्वर रस्त्यावर होती. म्हणजे मलबार हिललाच. घटनास्थळापासून कचेरी फार लांब नको, असा कुणीतरी विचार केला असावा. आमची चाळही आता पाडली. त्या जागी बिल्डरचा पत्रा आहे.

गेल्या महिन्यात माझी मुलगी आठवीच्या कसल्याशा प्रकल्पासाठी 'जुनी मुंबई' शोधत होती. मी तिला चौपाटीवर नेलं, वाळूत बसवलं, समोरची टेकडी दाखवली आणि घरी आल्यावर बावलाची गोष्ट सांगितली. छत्री उचलली. मोटार लाल होती, हे सांगायला विसरलो नाही. आजोबांचा तेवढा मान ठेवायलाच हवा. बायको आत भांडी लावत होती.

गादी सोडण्यापर्यंत आलो आणि सवयीने तोंडात शब्द आले, "तर बाळ, एका..."

मी थांबलो. आतला भांड्यांचा आवाजही नेमका तेव्हाच थांबला.

"एका काय, बाबा?"

"एका संध्याकाळची गोष्ट," मी म्हटलं. "त्या बाईला परत जायचं नव्हतं. ती नाही म्हणाली. गोष्ट तिथून सुरू होते. मी उगीच मोटारीपासून सुरू केली."

मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "आणि सिनेमात ती काय बोलते?"

"ती पाटी कुणी वाचलीच नाही."

मी कान देऊन बसलो. झाकण पडलं नाही. पळी वाजली नाही. भाजी आणायला कुणी सांगितलं नाही. मी समजलो, गोष्ट पास झाली.